गावची प्रथमोपचार पिशवी : जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी, कापूस, थोडा मका. सरकारी रुग्णालय सोळा किलोमीटरवर, त्यातले पहिले पाच किलोमीटर खड्ड्यांचे. मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही. औषधाबद्दल इथे जे लिहिलंय ते आमच्या आशाताईंना (गावच्या आशा सेविकेला) आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून लिहिलंय. कुणाला आपल्या गावात अशी पिशवी करायची असेल, तर माझा पैसा आणि वेळ जिथे वाया गेला तिथे त्यांचा जाऊ नये, एवढ्यासाठी या नोंदी.

२१ जानेवारी

संध्याकाळी सव्वासहाला आमच्या सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) उजवा हात चारा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेला. कडब्याची पेंढी अडकली होती, त्याने चालू मशीनमध्येच ती आत दाबली. करंगळी तुटून पडली, शेजारचं बोट अर्धं कापलं गेलं.

शेजारच्या वहिनींनी घरातला कापूस आणला. तो थेट जखमेवर ठेवून मी दाबत राहिलो. दूध डेअरीच्या भिंतीवर लाल क्रॉसची पांढरी पेटी आहे, म्हणून पोराला तिकडे पळवलं. पेटीला कुलूप, आणि किल्लीवाला लग्नाला गेलेला. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडून बघितलं. आत सुकलेली आयोडीनची बाटली, पिवळा कापूस आणि तीन पट्ट्या. बाटलीची मुदत २०१९ लाच संपलेली.

१०८ ला फोन मीच लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारला आणि मी ‘आमच्या खळ्यात’ एवढंच सांगत बसलो. फाटा कोणता, रस्ता कोणता, काही सुचेना. गाडी वरच्या फाट्याने गेली, परत फिरली. फोनपासून ३८ मिनिटं.

तुटलेलं बोट डेअरीतल्या बर्फात टाकून नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, थेट बर्फात टाकायचं नसतं, बर्फाने मांस जळतं. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडात, गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. करंगळी जोडता आली नाही. दुसरं बोट वाचलं, पण जखमेत चिकटलेले कापसाचे तंतू चिमट्याने एकेक करून काढावे लागले. मी दाराबाहेर उभा होतो. तो कापूस मी दाबला होता.

२ फेब्रुवारी

मोबाईलवर डोंगर चढणाऱ्यांची एक यादी सापडली. ४१ वस्तू. अर्ध्या चोपड्याच्या मेडिकलमधून आणल्या, अर्ध्या ऑनलाइन मागवल्या. पिशवीसकट २,८६० रुपये. पिशवी काळी, बारा कप्प्यांची, भारी दिसणारी. अर्धा किलो कापूस, जंतुनाशकाची लिटरची बाटली, शंभर छोट्या चिकटपट्ट्या, दुखण्यावरचे दोन स्प्रे, टाके घालायची सुई-दोरा आणि सापाचं विष ओढून काढायचा ३४० रुपयांचा पंप, सगळं घेतलं.

९ फेब्रुवारी

आशाताईंना घेऊन यादी डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पेन घेतला आणि १४ वस्तू खोडल्या. सुई-दोरा पहिला गेला. विष ओढायचा पंप दुसरा. विष तसं ओढून निघत नाही, उलट जखम वाढते आणि पंप लावण्यात वेळ जातो. कापूस जखमेवर नको, फार तर बँडेजच्या बाहेरून गादी म्हणून चालेल. हायड्रोजन पेरॉक्साईड हे जंतुनाशक खोडलं. जखम धुवायला प्यायचं स्वच्छ पाणी भरपूर वापरा म्हणाले, नाहीतर सलाईनची ५०० मिलीची बाटली ठेवा, तिच्या टोपणाला सुईने भोक पाडलं की चांगली धार येते.

त्या बदल्यात त्यांनी चार गोष्टी वाढवल्या. निर्जंतुक गॉजची पाकिटं, मी पाच घेतली होती, त्यांनी तीस सांगितली. सहा इंची क्रेप बँडेज, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, चार. त्रिकोणी बँडेज चार. आणि कपडे कापायची बोथट टोकाची कात्री. घरातल्या कात्रीने जीन्स कापून बघा, मग कळेल, म्हणाले. बघितली. कापली जात नाही.

खोडलेल्या वस्तूंची किंमत साधारण १,१०० रुपये. मेडिकलवाल्याने स्प्रे परत घेतले नाहीत.

१६ फेब्रुवारी

पिशवी ओट्यावर ठेवली आणि घरच्यांची परीक्षा घेतली. पुतण्याच्या हातावर कुंकवाचं पाणी ओतलं आणि वहिनींना म्हटलं, रक्त थांबवा. मोबाईलवर वेळ लावली. पहिलं गॉज हाताला लागेपर्यंत एक मिनिट ५० सेकंद. बारा कप्पे, बारा चेनी, काळ्यात काळं. मधे वहिनींनी थर्मामीटर काढला, चिमटा काढला, गोळ्यांचं पाकीट काढलं. मग सालदाराला बसवलं, त्याचा हात अजून बांधलेलाच होता. त्याला वाचता येत नाही. मी कप्प्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या त्याच्या काही उपयोगाच्या नव्हत्या. तो पाकिटं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “आते काय करानं?”

त्या रात्री सगळं ओतून काढलं. वस्तूंप्रमाणे लावलं होतं, ते दुखापतीप्रमाणे लावलं. गावातल्या शिंप्याकडून केशरी रंगाची साधी पिशवी शिवून घेतली, एकच मोठं तोंड, आत पाच पारदर्शक चेनचे पाऊच. ४५० रुपये. प्रत्येक पाऊचवर अक्षर नाही, चित्र. पुतणीने रंगवलं: रक्ताचा थेंब, मोडलेला हात, ज्वाळा, सूर्य, पाठीवरचा फवारणी पंप. रक्ताच्या पाऊचमध्ये सगळ्यात वर हातमोजे, त्याखाली गॉज, त्याखाली क्रेप, कारण हात त्याच क्रमाने आत जातो.

आठवड्याने पुन्हा वेळ लावली. सालदाराने डाव्या हाताने १९ सेकंदांत गॉज काढलं.

२ मार्च

टूर्निकेट, म्हणजे हातापायातून रक्त थांबत नसेल तर वर आवळायचा पट्टा. मशीनच्या अपघातानंतर हा हवाच असं मनाने घेतलं होतं. ऑनलाइन ३८० रुपयांचा मागवला. सरावात तिसऱ्या पिळ्याला प्लास्टिकची कांडी मधोमध मोडली. खऱ्या वेळी मोडली असती तर? नकली माल या पट्ट्यात फार येतो. पुढे चांगल्या कंपनीचा २,४०० रुपयांना घेतला. तेवढा पैसा नसेल तर त्रिकोणी बँडेज रुंद घडी घालून आणि लाकडी लाटणं किंवा काठी पिळून काम होतं, पण आधी हात बसायला हवा. नाडा, सुतळी, वायर नको, ती कातडीत रुतते.

सराव वीस जणांना दिला. आधी गॉज ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबा, दहा मिनिटं उचलून बघू नका. दाबूनही थांबत नसेल तरच पट्टा, जखमेच्या वर तीन-चार बोटं, गुडघ्या-कोपराच्या सांध्यावर नाही. आवळल्याची वेळ कपाळावर पेनने लिहा. सगळ्यांना हा पट्टा फार आवडला. मलाही. पुढे जूनमध्ये काय झालं ते वाचा.

५ ते १३ एप्रिल

चैत्राच्या यात्रेला गावातून ६० जण पायी सप्तशृंग गडाला निघाले. पिशवी द्या म्हणाले, मी दिली. ही सरळ चूक. आठ दिवस गावात पिशवी नाही, आणि परत आली तेव्हा क्रेप एकही नाही, चिकटपट्टी नाही, गॉज दोन. सगळं पायाच्या फोडांवर गेलं. भरायला १,२४० रुपये लागले.

चालणाऱ्यांची पिशवी वेगळीच हवी. तिच्यात रुंद कापडी चिकटपट्टी, सुती मोज्यांचे जोड, पावडर, ओआरएस (पाण्यात कालवायची जलसंजीवनी) आणि फोडांवरची गॉज एवढं असलं तरी पुरे. फोड फोडायचा नाही, त्याच्याभोवती गादी करून दाब काढायचा. ज्यांनी पहिल्या दिवशी टाच लाल झाल्याबरोबर पट्टी लावली ते शेवटपर्यंत चालले, ज्यांनी संध्याकाळपर्यंत लांबवलं ते टेम्पोत बसले.

४ मे

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि ऊन पेटलं. पिशवी माझ्या मोटारसायकलच्या डिकीत असायची. आज उघडली तर चिकटपट्टीचा डिंक वितळून पाऊचभर पसरलेला, मलमाची ट्यूब पाण्यासारखी, रबरी हातमोजे एकमेकांना चिकटलेले. बहुतेक औषधांवर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ जातं, डिकीत किती होत असेल!

पिशवी हलवली पिठाच्या गिरणीत. मातीची भिंत, पत्र्याखाली लाकडी माळा, आणि गिरणीवाला मागेच राहतो, रात्रीही दार वाजवलं की उठतो. कुलूप नाही. खुंटीला लटकवलेली, सात वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. चोरीला जाईल असं काही जण म्हणाले. गेली तर दुसरी करू, पण कुलूप लावणार नाही.

१७ मे

दुपारी दीडला केळीच्या बागेत घड वाहणारी एक मजूर बाई कोसळली. अंग तापलेलं, बडबड असंबद्ध. थर्मामीटर काढला तर काखेत लावायच्या आधीच पडद्यावर ‘एच’ आला, कारण हवाच त्याच्या मापाच्या वर होती. आकड्याची वाट बघत बसलो नाही. बागेतल्या ठिबकचं पाणी तापलेलं होतं, म्हणून विहिरीची मोटर चालू केली, धार तिच्या अंगावर धरली, ओल्या लुगड्याने झाकून दोघींनी पुठ्ठ्यांनी वारा घातला. काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या. शुद्ध पूर्ण नव्हती म्हणून तोंडात पाणी घातलं नाही. एकाने तापाची गोळी पुढे केली, तीही नाही. ऊन लागल्याचा ताप त्या गोळीने उतरत नाही. वीस मिनिटांत ती नीट बोलायला लागली, मग गाडीने रुग्णालयात नेलं.

आपली चूक इथे झाली. बाकीच्या मजुरांना ओआरएस द्या म्हटलं आणि पोराने मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं. पिशवीत दोन प्रकारची पाकिटं होती. एक २०.५ ग्रॅमचं, पूर्ण लिटरसाठी. दुसरं साधारण ४ ग्रॅमचं, २०० मिलीच्या पेल्यासाठी. मोठं पाकीट पेल्यात म्हणजे पाचपट मीठ. एका घोटातच पिणाऱ्याने तोंड वाकडं केलं म्हणून लक्षात आलं. लहान लेकराला कुणी चमच्याने पाजलं असतं तर अंगातलं मीठ धोक्याइतकं वाढलं असतं.

लहान पाकिटं सगळी काढून टाकली. आता फक्त मोठी, आणि त्यांच्यासोबत लिटरची रिकामी बाटली, तिच्यावर रेघ मारलेली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं बघूनच घ्यायचं. दुकानात फळाच्या चवीची गोड खोकी मिळतात ती वेगळी. काहीच नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. वीस पाकिटं आणि बाकी उन्हाळी भरणा ५३० रुपये.

२९ जून

ही नोंद लिहायला मला तीन दिवस लागले.

पाऊस पडून गेलेला. संध्याकाळी साडेसातला चुलतभावाच्या मुलाला बांधावर पायाला साप चावला. घोट्याजवळ दोन ठिपके, लगेच सूज. दोघांनी जाऊन गिरणीतून पिशवी आणली. एक म्हातारे आप्पा ओरडत होते, “पाय बांध आधी, पाय बांध!” आणि ज्याला मी मार्चमध्ये शिकवलं होतं त्याच पोराने टूर्निकेट काढून पिंढरीवर कचकचून आवळला. कपाळावर वेळही लिहिली, ७.४०. मी जसं शिकवलं होतं अगदी तसं.

मी पोचलो तेव्हा १५ मिनिटं झाली होती. पाय निळा पडत होता. मी सोडायला हात घातला आणि आशाताईंनी माझा हात धरला. “भाऊ, आता सोडू नका. डॉक्टरांसमोरच सुटेल.” घट्ट बांधलेलं एकदम सोडलं की अडकलेलं विष एकाच वेळी अंगात जाऊ शकतं. रुग्णालयाला आधी फोन करून सांगितलं, साप चावलाय, पट्टा बांधलेला आहे, येतोय. पोराला चालू दिलं नाही. केळीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा पायाखाली लावून मोडलेल्या हाडासारखा पाय क्रेपने स्थिर केला, हळू, आवळून नाही. पायातलं कडं कापलं. तिकडे सलाईन आणि प्रतिविष तयार ठेवून डॉक्टरांनी पट्टा हळूहळू सोडला. डॉक्टरांच्या मते घोणस. पोरगा पाच दिवसांनी घरी आला. पाय वाचला.

माझी चूक स्पष्ट आहे. मी वीस जणांना आवळायला शिकवलं आणि कधी आवळायचं नाही ते शिकवलं नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने मांस सडतं, रक्त गोठायचं थांबतं. तिथे पट्टा म्हणजे विष एकाच जागी कोंडून पाय घालवणं. नाग-मण्याराच्या चाव्यातही हाच नियम: बांधू नका, कापू नका, चोखू नका. मण्यार रात्री अंथरुणात चावतो, ठिपका दिसतोच असं नाही, पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हाही उजाडायची वाट न बघता निघायचं. या चारही सापांवर तेच एक प्रतिविष चालतं, म्हणून साप मारायला आणि ओळखायला मागे धावून वेळ घालवू नये.

६ जुलै

टूर्निकेट पिशवीतून काढून टाकावा का, यावर दोन संध्याकाळी बोललो. आशाताई काढा म्हणाल्या. मी ठेवायच्या बाजूने होतो, कारण कुट्टी मशीन गावात अकरा आहेत. शेवटी ठेवला, पण रक्ताच्या पाऊचच्या तळाशी वेगळ्या शिवलेल्या खिशात, खिशावर सापाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. आणि सहावा पाऊच केला, साप. त्यात जवळजवळ काहीच नाही: पुठ्ठ्याची फळी, दोन क्रेप, वेळ लिहायला पेन आणि रुग्णालयाचा फोन. तो मुद्दाम केला. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतं. पाऊचच नसेल तर तो दुसऱ्या पाऊचमध्ये हात घालतो.

वीसच्या वीस जणांना पुन्हा बोलावलं. सतरा आले. ज्याने पट्टा आवळला होता त्या पोरानेच सगळ्यांना फळी बांधून दाखवली. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि बोलू नये हे मी आधीच सांगितलं होतं. शिकवणारा मी होतो.

१० ऑगस्ट

कपाशीवर फवारणी जोरात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. फवारणीच्या पाऊचमध्ये कपड्याचा साबण, पाण्याची बाटली, जुना स्वच्छ सदरा-पायजमा आणि नायट्राईलचे हातमोजे. मेमध्ये चिकटले ते पातळ रबरी होते, बदलले. शंभराचा खोका ४८० रुपये.

याच आठवड्यात एकाला लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. कपडे काढले, साबणाने डोक्यापासून आंघोळ घातली, केस, नखं, कानामागेही. कुणीतरी मीठपाणी पाजून उलटी काढायला निघालं होतं, थांबवलं. औषधाचा डबा लेबलसकट सोबत नेला. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग लाल किंवा पिवळा असेल तर जहालच समजायचं, पण निळा-हिरवा आहे म्हणून घरी बसायचं नाही. दोन दिवसांत बरा होऊन आला.

७ सप्टेंबर

जानेवारीतल्या फोनचं काम आज पूर्ण झालं. प्रत्येक पाऊचच्या मागे आणि गिरणीच्या दारावर एकच पाटी: गावाचं नाव, तालुका, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून कोणत्या फाट्याला वळायचं, वळल्यावर पाण्याची टाकी कोणत्या हाताला. फोन करणाऱ्याने ती फक्त वाचायची. सोबत दुसरा माणूस फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहतो, हे ठरलेलं. लॅमिनेशन आणि पाट्या ६०० रुपये. रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांच्या भीतीने लोक हात लावत नाहीत, म्हणून पाटीच्या खाली एक ओळ आणखी छापली: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

५ ऑक्टोबर

आजवरचा खर्च ८,९४० रुपये. त्यातले १,४८० सरळ वाया: खोडलेल्या वस्तू आणि मोडलेला पट्टा. ६,००० वर्गणीचे, बाकी माझे. आज नव्याने कुणी सुरू केलं, टूर्निकेट सोडून, तर साडेतीन हजारांत चांगली पिशवी होईल.

एक कुत्रा चावल्याची केस या महिन्यात आली. पिशवीतलं एकच लागलं: साबण. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतलं, पट्टी बांधली नाही, चुना-हळद लावू दिली नाही, त्याच दिवशी लस. पुढच्या तारखा आशाताईंनी पाऊचच्या पाटीवरच लिहून दिल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पिशवी तपासायचं काम आता सालदाराकडे आहे. त्याने मागितलं. मुदत वाचता येत नाही म्हणून पुतणी त्याच्या शेजारी बसते, ती तारीख वाचते, तो मोजतो. आज गॉज २६ निघाली, चार कुठे गेली ते त्याने गिरणीवाल्याला विचारून शोधलं: एका पोराच्या गुडघ्याला. चार भरली.

डोंगराकडच्या पाड्यावरून दोघे आले होते. त्यांच्यासाठी दुसरी केशरी पिशवी शिंप्याकडे शिवायला टाकली आहे. तिकडे कुट्टी मशीन एकही नाही, साप जास्त. तिच्यात टूर्निकेट ठेवणार नाही.